सोळा ते वीस



कोल्हापुरात पाटाकडील आणि दिलबहार हे तालीम संघ समोरासमोर आले की शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा उरत नाही. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे करावेत आणि पेठेपेठेने त्यांच्यासाठी घसा कोरडा करावा, असे दुसरे शहर मला महाराष्ट्रात माहीत नाही. त्यामुळे हा खेळ काय चीज आहे, इथून प्रस्तावना करत बसत नाही. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आयुष्यभर शाळकरी मुलांना मैदानावर घेऊन गेले. म्हणून त्याच वयाच्या मुलांबद्दल, म्हणजे भारताच्या युवा राष्ट्रीय संघांबद्दल, आज बोलणार आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. सोळाव्या वर्षी आपला मुलगा आशियात कुणाच्याही तोडीस तोड खेळतो. याला पुरावे आहेत, ते मी पुढे ठेवणारच आहे. विसाव्या वर्षी तोच मुलगा मागे पडलेला दिसतो. मधल्या चार वर्षांत त्याची गुणवत्ता आटत नाही, त्याचे सामने आटतात. भारतीय फुटबॉलचे बरेचसे दुखणे या चार वर्षांत आहे, असे माझे मत आहे.

सुरुवात १९७४ पासून करू. त्या वर्षी एप्रिलमध्ये बँकॉकला आशियाई युवा अजिंक्यपद स्पर्धा झाली. भारताचा कर्णधार होता हैदराबादचा शब्बीर अली. प्रशिक्षक अरुण घोष स्वतः १९६२ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेतील सुवर्णविजेत्या संघातले बचावपटू. अंतिम सामन्यात समोर इराण. सामना २-२ असा सुटला आणि दोन्ही देश संयुक्त विजेते ठरले. हा इराण साधासुधा नव्हता. १९७३ ते १९७६ या चारही वर्षी युवा विजेतेपदावर त्यांचे नाव लागले, कधी एकट्याचे, कधी कुणाबरोबर वाटून. आशियात युवा फुटबॉलचा तो सर्वांत भरभक्कम संघ, आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून आपली मुले उभी राहिली.

पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. इराणचा वरिष्ठ संघ १९७८ चा विश्वचषक खेळायला अर्जेंटिनात गेला. युवकांचा जागतिक विश्वचषक १९७७ साली ट्युनिशियात सुरू झाला, त्यातही इराण होता. भारत दोन्हीकडे नव्हता. शब्बीर अलींच्या वेळी तर जगात जायला ही स्पर्धाच नव्हती, ती तीन वर्षे उशिरा आली. त्या विजयाची आठवण सरकारी दरबारी इतकी उशिरा झाली की शब्बीर अलींना ध्यानचंद पुरस्कार २०११ मध्ये मिळाला.

आता मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट. १९७४ ची मुले आली कुठून? शब्बीर अली मुंबईत टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळलेला. बाकीच्यांपैकी कितीतरी जण अठरा-एकोणिसाव्या वर्षीच कोलकात्याच्या आणि हैदराबादच्या मोठ्या संघांत होते. त्या काळात अशा मुलासमोर वर्षभराचा खुराक असे. स्थानिक लीग, संतोष ट्रॉफी, ड्युरँड, आयएफए शिल्ड, आणि आपल्या मुंबईच्या कूपरेजवरचा रोव्हर्स चषक. १८९१ साली सुरू झालेली ही स्पर्धा एकविसाव्या शतकाच्या तोंडावर बंद पडली. तिथे पोरगेल्या आघाडीपटूला तिशीतला कसलेला बचावपटू अंगावर घ्यायचा. मुलगा दोनदा आपटायचा, तिसऱ्यांदा वाट काढायचा. बँकॉकचा संघ एखाद्या शिबिराने घडवला नव्हता. देशभरच्या लीगनी घडवलेली मुले शिबिराने एकत्र आणली होती.

इथे तालमीची भाषा सर्वांना कळेल. मल्लाने पहाटे उठून हजार जोर मारावेत, बैठका काढाव्यात, बदाम घालून थंडाई प्यावी. पण जोड लागल्याशिवाय त्याला स्वतःचे बळ कळत नाही आणि वस्तादालाही त्याच्यात काय कमी आहे ते दिसत नाही. फुटबॉलमध्ये आपण पुढची चाळीस वर्षे जोर-बैठकांवरच राहिलो. मुलांना गोळा करायचे, शिबिरात ठेवायचे, परदेश दौरा करून आणायचा, पात्रता फेरी खेळवायची आणि संघ विसर्जित करायचा. या रीतीतूनही अधूनमधून चांगले निपजले. २००२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत आपली १७ वर्षांखालील मुले आशियाई स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली आणि दक्षिण कोरियाकडून हरली. दक्षिण आशियात तर आपण या वयोगटातली विजेतेपदे वारंवार जिंकत आलो आहोत. त्या विजयांवर मी फार वेळ घालवणार नाही. नेपाळ, बांगलादेशला हरवून आनंद व्हावा, पण त्यावरून आपली उंची मोजू नये.

मग २०१७ उजाडले. १७ वर्षांखालील विश्वचषकाचे यजमानपद भारताकडे आले आणि यजमान म्हणून थेट प्रवेश मिळाला. फिफाच्या कोणत्याही विश्वचषकात भारताचा संघ मैदानात उतरण्याची ती पहिलीच वेळ. महाराष्ट्रात त्या वर्षी १५ सप्टेंबरला एकाच दिवशी दहा लाख विद्यार्थ्यांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम झाला, तो तुम्हाला आठवत असेल. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर माली आणि स्पेन यांचा उपांत्य सामना झाला. मडगावच्या फातोर्डा मैदानावर इराणच्या मुलांनी जर्मनीला ४-० असे धुतले. कोलकात्यात अंतिम सामन्यात इंग्लंड स्पेनविरुद्ध दोन गोलांनी मागे होते आणि ५-२ असे जिंकले. त्या इंग्लंड संघात फिल फोडन होता. साडेतेरा लाखांच्या आसपास प्रेक्षकांनी ही स्पर्धा प्रत्यक्ष पाहिली, आणि या वयोगटाच्या स्पर्धेला तोपर्यंत एवढी गर्दी कुठेच झाली नव्हती.

आपल्या संघाचे निकाल तीन ओळींत सांगता येतात. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. पण यातला दुसरा सामना थोडा थांबून पाहावा असा आहे.

९ ऑक्टोबर, दिल्लीचे जवाहरलाल नेहरू स्टेडियम, सुमारे ४८ हजार प्रेक्षक. पूर्वार्धाच्या शेवटी राहुल के. पी.चा फटका गोलखांबाला लागून परत आला. दोन बोटे आत असता तर आघाडी आपली होती. उत्तरार्ध सुरू होताच पेनालोझाने कोलंबियाचा गोल केला. आपली मुले खचली नाहीत. ८२ व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनने डाव्या पायाने कॉर्नर घेतला. गर्दीतून एक उंच मुलगा वर उठला आणि त्याने हेडर मारला. मणिपूरचा जिक्सन सिंग. विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. स्टेडियम डोक्यावर घेतले गेले. मिनिटभरात कोलंबियाने मध्यातून चेंडू पुढे ढकलला, आपला बचाव अजून त्या गोलच्या आनंदातच होता, आणि पेनालोझाने दुसरा गोल घातला. गोल केल्यानंतरची दोन मिनिटे सर्वांत धोक्याची असतात, हे प्रत्येक प्रशिक्षक सांगतो. सांगून ते अंगात भिनत नाही. बरोबरी साधून लगेच गमावण्याचा अनुभव दहा-वीस सामन्यांत घ्यावा लागतो, तेव्हा कुठे अकराही जण न ओरडता आपापल्या जागी परततात. तो अनुभव आमच्या मुलांनी थेट विश्वचषकात घेतला.

हा जिक्सन संघात कसा आला, ती हकीकत माझ्या मुद्द्याचा गाभाच आहे. देशभर निवड चाचण्या झाल्या, शिबिर वर्षानुवर्षे चालले, पण त्यात त्याची निवड झालेली नव्हती. तो मिनर्व्हा अकादमीत खेळत होता. २०१७ च्या सुरुवातीला पोर्तुगालचे लुईस नॉर्टन डी मॅटोस राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. मिनर्व्हाच्या मुलांशी सराव सामना झाला आणि त्यात राष्ट्रीय संघच हरला. डी मॅटोस यांनी समोरच्या संघातली काही मुले उचलली. जिक्सन त्यांतलाच, अन्वर अलीही त्यांतलाच. म्हणजे भारताचा विश्वचषकातला एकमेव गोल करणारा मुलगा शिबिराच्या नजरेतून सुटला होता आणि एका सामन्याने तो सापडला. असे आणखी किती सामने व्हायला हवे होते, याचा विचार आला की मला आजही चुटपुट लागते.

त्या संघात आपला अनिकेत जाधव होता. रिक्षाचालकाचा मुलगा, कोल्हापूरच्या मैदानांवर खेळलेला, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झालेला. मुंबईत जन्मलेला आणि अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे बचावात होता. कर्णधार अमरजित आणि जिक्सन हे चुलतभाऊ. सिक्कीमचा कोमल थाटल, मिझोरमचा लालेंगमाविया, बंगालचा रहीम अली. एवढ्या कोपऱ्यांतून आलेला संघ पाहून ऊर भरून येई, आणि ते भरून येणे खोटे नव्हते.

विश्वचषक संपल्यावर फुटबॉल महासंघाने एक शहाणपणाचे काम केले. संघ विसर्जित न करता ‘इंडियन ॲरोज’ या नावाने आय-लीगमध्ये मोठ्यांच्या संघांसमोर उतरवला. पहिल्याच सामन्यात चेन्नई सिटीला ३-० असे हरवले, त्यातले दोन गोल अनिकेतचे. पुढे शिलाँग लाजाँगविरुद्ध नोंगदांबा नाओरेमने एकामागून एक बचावपटू चुकवत गोल केला, तो देशभर पुन्हा पुन्हा पाहिला गेला. हंगामाच्या शेवटी ॲरोज तळाला राहिले. कुणी नाके मुरडली. मला मात्र तो तळाचा क्रमांक मोलाचा वाटतो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांनी हंगामभर दर आठवड्याला पुरुषांशी टक्कर घेतली आणि हरत हरत शिकली.

शिकली म्हणजे काय, ते पुढच्या ऑगस्टमध्ये दिसले. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाजवळ कोटिफ चषक स्पर्धेत २० वर्षांखालील भारतीय संघ गेला. आधी मुर्सियाकडून हार, मग मॉरिटानियाकडून हार, मग व्हेनेझुएलाशी गोलशून्य बरोबरी. शेवटचा सामना अर्जेंटिनाशी, ज्यांनी युवा विश्वचषक सहा वेळा जिंकलाय. चौथ्याच मिनिटाला दीपक टांगरीने गोल केला. उत्तरार्धात अनिकेतला रेड कार्ड मिळाले आणि आपण दहा जण उरलो. ६८ व्या मिनिटाला अन्वर अलीने फ्री किकवर चेंडू थेट जाळ्यात पाठवला. सामना २-१ असा जिंकला. समोरच्या बाकावर प्रशिक्षक होते लिओनेल स्कालोनी, ज्यांनी चार वर्षांनी अर्जेंटिनाला विश्वचषक मिळवून दिला. त्याच आठवड्यात १६ वर्षांखालील मुलांनी अम्मानला इराकचा पराभव केला. एका आठवड्यात चार सामने खेळताना संघ कसा चढत गेला, ते पाहा. हार, हार, बरोबरी, जीत.

त्या १६ वर्षांखालील संघाचे प्रशिक्षक गोव्याचे बिबियानो फर्नांडिस. या वयाच्या मुलांना त्यांच्याइतके ओळखणारा माणूस आज देशात क्वचितच असेल. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये मलेशियात आशियाई स्पर्धा झाली. विक्रम प्रताप सिंगच्या पेनल्टीवर व्हिएतनामला हरवले. इराणला गोलशून्य बरोबरीत रोखले, त्यात गोलरक्षक नीरजकुमारने पेनल्टी अडवली. इंडोनेशियाशीही गोलशून्य बरोबरी. साखळीत एकही गोल खाल्ला नाही. उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरिया. जिंकला तो थेट पुढच्या वर्षीच्या विश्वचषकात. एका गोलने हरलो. यजमान म्हणून मिळालेल्या पानावर बसण्याऐवजी स्वतःच्या पायांवर विश्वचषक गाठायला फक्त एक सामना उरला होता.

आणि वर्षभराने? २०१९ मध्ये १९ वर्षांखालील पात्रता फेरीत भारत उझबेकिस्तान आणि सौदी अरेबियापुढे टिकला नाही. त्याच वर्षी १६ वर्षांखालील पुढची तुकडी ताश्कंदला गेली, उझबेकिस्तानला त्यांच्याच घरी १-१ असे रोखले आणि गटात पहिली आली. एकाच देशाविरुद्ध, एकाच वर्षी, दोन वयोगटांचे दोन निकाल. यापेक्षा स्वच्छ पुरावा मला देता येणार नाही. १९-२० वर्षांखालील आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरीत भारत शेवटचा खेळला तो २००६ मध्ये, तोही यजमान म्हणून.

उझबेकिस्तानचे नाव मी मुद्दाम घेतो. हा देश स्वतंत्र झाला १९९१ मध्ये, लोकसंख्या महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहूनही कमी. २०१२ मध्ये ते १६ वर्षांखालील आशियाई विजेते झाले, २०२३ मध्ये २० वर्षांखालील, २०२४ मध्ये त्यांचा संघ पॅरिस ऑलिंपिक खेळला, २०२५ मध्ये वरिष्ठ संघ पहिल्यांदा विश्वचषकाला पात्र ठरला. त्याच वर्षी तैफ शहरात यजमान सौदीविरुद्ध नऊ जण उरले असताना त्यांच्या १७ वर्षांखालील मुलांनी अंतिम सामना जिंकला. तिथे एका वयोगटाचे बोट दुसऱ्याने धरले आहे. आपल्याकडे प्रत्येक तुकडी पहिल्यापासून श्रीगणेशा करते.

वयाची लबाडी हाही याच दुखण्याचा भाग आहे. २००९ पासून फिफाने १७ वर्षांखालील स्पर्धेत मनगटाचा एमआरआय आणला. मनगटाजवळच्या हाडाच्या टोकाला वाढीची एक पट्टी असते. ती पूर्ण बुजली असेल तर मुलगा सतरा ओलांडून गेल्याची शक्यता फार मोठी, म्हणून त्याला बाहेर ठेवतात. शाळांच्या अनेक स्पर्धांत मात्र दाखल्यावरची जन्मतारीखच चालते. मग चषक हवा असलेला प्रशिक्षक मिसरूड फुटलेला, दांडगा मुलगा घेतो. तो धक्के मारून सामने जिंकून देतो. त्याच्याशेजारी बसलेला, उशिरा वाढणारा, पायात जादू असलेला किरकोळ पोरगा दोन वर्षांत खेळ सोडतो. विसाव्या वर्षी दांडगाईचा फायदा संपतो, आणि जादूवाला तोवर कुठल्या तरी दुकानात नोकरीला लागलेला असतो.

मुलींबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. युवा संघाला घड्याळ असते, ते कुणासाठी थांबत नाही. १७ वर्षांखालील मुलींचा २०२० चा विश्वचषक भारतात व्हायचा होता, करोनामुळे तो रद्द झाला आणि त्यासाठी राबलेली तुकडी वयातून बाहेर पडली. ताश्कंद गाजवलेल्या मुलांची बहारीनमधली आशियाई स्पर्धाही अशीच गेली. २०२२ मध्ये दुसऱ्याच मुली मैदानात उतरल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केले होते, स्पर्धा होईल की नाही याचाच काही दिवस पत्ता नव्हता. कर्णधार अष्टम उरांव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली. तिच्या सन्मानासाठी गावात तिच्या घरापर्यंत रस्ता बांधायला घेतला आणि त्या रस्त्यावर तिचे आईवडीलच रोजंदारीने राबत होते. अमेरिकेने आपल्याला ०-८ असे हरवले. त्या आकड्यावर हसणाऱ्यांचा मला राग येतो. अमेरिकेतली मुलगी आठ वर्षांची असल्यापासून दर शनिवारी सामना खेळते, आमची मुलगी शिबिराच्या बोलावण्याची वाट पाहते. तरीही २०२५ मध्ये आपल्या २० आणि १७ वर्षांखालील मुलींनी, दोन्ही संघांनी, पात्रता फेरी खेळून आशियाई स्पर्धेत जागा मिळवली. यजमानपदाची कुबडी नव्हती. मुलांच्या कोणत्याही विजयाइतकीच मोठी ही बातमी होती आणि ती मराठी वर्तमानपत्रांत चार बोटे जागेत आली.

२०१७ च्या मुलांचे पुढे काय झाले, असे लोक विचारतात. जिक्सन, सुरेश, अन्वर, रहीम, लालेंगमाविया वरिष्ठ संघात पोचले. २०१९ मध्ये अन्वरच्या हृदयात दोष आढळला, त्याला खेळ थांबवायला सांगितले गेले. तो न्यायालयात गेला, परत मैदानात आला, आणि २०२२ मध्ये कोलकात्यात हाँगकाँगविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला त्याने भारताचा गोल केला. गोलरक्षक धीरज सिंगने २०२१ मध्ये गोव्याकडून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मातब्बर क्लबना झुंजवले. एकवीस मुलांतून एवढे निघाले, हे थोडे नाही. ज्या तुकडीला मोठ्यांच्या लीगमध्ये खेळवले, तिचे हे फळ. २०२२ मध्ये ॲरोज गुंडाळले गेले. त्याच वर्षी क्लबच्या राखीव मुलांसाठी गोव्यात विकास लीग सुरू झाली, पण पहिल्या हंगामात प्रत्येक संघाला सात सामने मिळाले. सात! युरोपातल्या अकादमीतला सतरा वर्षांचा मुलगा वर्षाला तीस-चाळीस खेळतो. त्यात भर म्हणजे २०२५ मध्ये महासंघाचा व्यावसायिक करार संपत आला आणि इंडियन सुपर लीगचा हंगामच वेळेवर सुरू झाला नाही. तिशीतल्या खेळाडूचे त्यात पैशाचे नुकसान झाले. अठरा वर्षांच्या मुलाचे वय गेले.

माझा आग्रह फार मोठ्या योजनांचा नाही. प्रत्येक जिल्ह्यात १५, १७ आणि १९ वर्षांखालील मुलांची घर-बाहेर पद्धतीची लीग व्हावी, आठ-दहा महिने चालणारी, दोन दिवसांत उरकणारी बाद पद्धतीची स्पर्धा नव्हे. बाद पद्धतीत अर्धे संघ एका सामन्यात घरी जातात, मुलाच्या वर्षाच्या वाट्याला तीन सामने येतात. आणि इथल्या तालीम संघांना विनंती, की पहिल्या अकरांत एकोणिसाच्या आतली दोन मुले उतरवा. घसघशीत आघाडी असताना शेवटच्या दहा मिनिटांसाठी नव्हे, पहिल्या शिट्टीपासून. परगावचे आणि परदेशी खेळाडू आणा, त्यांच्याशेजारी आपला पोरगा उभा करा. तो चुकेल, पेठेतले लोक शिव्या देतील, त्या शिव्या तालमीच्या जाणत्यांनी आपल्या अंगावर घ्याव्यात.

२०२५ च्या नोव्हेंबरात अहमदाबादेत बिबियानो फर्नांडिस यांच्या १७ वर्षांखालील मुलांनी इराणला २-१ असे हरवून आशियाई स्पर्धा गाठली. बँकॉकनंतर एकावन्न वर्षांनी तोच प्रतिस्पर्धी. ही मुले २००९ मध्ये किंवा नंतर जन्मलेली. त्यांतली सर्वांत मोठी मुले २०२९ मध्ये वीस वर्षांची होतील. १७ वर्षांखालील विश्वचषकात आता ४८ संघ खेळतात, तो दरवर्षी होतो, आशियाच्या जागा वाढल्या आहेत, त्यामुळे दार पूर्वीपेक्षा मोठे आहे. या मुलांची नावे लिहून ठेवा आणि दर हंगामाच्या शेवटी महासंघाला, त्यांच्या क्लबना, वर्तमानपत्रांच्या क्रीडा संपादकांना एकच विचारा: या वर्षी यातला प्रत्येक जण किती मिनिटे खेळला?